पंपासच्या गवताचा हिशेब

एखाद्या प्रदेशाचा विकास झाला असे आपण म्हणतो, तेव्हा जमेच्या बाजूला बरेच काही मांडतो. किती मैल लोहमार्ग पडला, किती जमीन नांगराखाली आली, किती धान्य परदेशी गेले, हे सारे आकडे सरकारी अहवालांतून आणि पाठ्यपुस्तकांतून मिळतात. खर्चाच्या बाजूला मात्र मजुरी, व्याज आणि यंत्रसामग्री यांपलीकडे फारशी नोंद होत नाही. जे आधीपासून तिथे होते आणि ज्याला कोणी दाम मोजले नव्हते, ते नाहीसे झाले तरी जमाखर्च जुळतोच. दक्षिण अमेरिकेतील पंपास या विस्तीर्ण गवताळ प्रदेशाच्या बाबतीत हा राहून गेलेला खर्च ज्याने आयुष्यभर टिपून ठेवला, तो कोणी अर्थशास्त्रज्ञ नव्हता. त्याने कधी शाळेचे तोंडही पाहिले नव्हते. विल्यम हेन्री हडसन हे त्याचे नाव. इंग्रजी गद्याच्या अभ्यासकांना ते ‘ग्रीन मॅन्शन्स’चे लेखक म्हणून ठाऊक असतात, पक्षिशास्त्राच्या अभ्यासकांना अर्जेंटिनाच्या पक्ष्यांचे इतिहासकार म्हणून. १९२२ साली त्यांचे निधन झाले, त्याला आता शंभरांहून अधिक वर्षे लोटली आहेत. त्यांच्या जीवनाने उभा केलेला प्रश्न मात्र अद्याप सुटलेला नाही.

पंचवीस ओंबूंचे घर

हडसन यांचा जन्म ४ ऑगस्ट १८४१ रोजी अर्जेंटिनातील ब्यूनोस आयरेस शहराच्या दक्षिणेस किल्मेसजवळच्या एका पशुपालन मळ्यावर झाला. आईवडील उत्तर अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातून आलेले. घराभोवती ओंबू जातीची पंचवीस मोठी झाडे होती आणि त्यांवरूनच मळ्याला नाव पडले होते. पंपासमध्ये उंच झाड ही दुर्मीळ गोष्ट. क्षितिजापर्यंत गवत, मधूनमधून उथळ तळी आणि दलदली, आणि कोठे दूरवर एखादे ओंबूचे झाड दिसले की तिथे वस्ती असणार असे प्रवाशाने समजावे, असा तो मुलूख. मुलगा पाच वर्षांचा असताना कुटुंब आणखी दक्षिणेस, चास्कोमूसच्या बाजूला राहावयास गेले. तिथे वडिलांनी मेंढरे पाळली आणि एक दुकान चालविले. वडील सज्जन आणि उदार होते. पण कागदपत्रांच्या बाबतीत तितकेच निष्काळजी. जमिनीच्या व्यवहारात तोंडी शब्दावर विसंबून राहिल्यामुळे अखेर ती जागा हातची गेली आणि कुटुंबाला जुन्या घरी परतावे लागले. मालकी हक्काचा कागद हाती नसेल, तर माणसाचे वर्षानुवर्षांचे श्रमही मातीमोल होतात, हा धडा या मुलाला घरातच मिळाला. पुढे त्याने ज्यांची बाजू घेतली, त्या पक्ष्यांजवळ तर कसलाच कागद नव्हता.

शिक्षण म्हणजे घरी येऊन जाऊन असणाऱ्या दोन-तीन शिक्षकांनी दिले तेवढेच. खरी शाळा घराबाहेर होती. सहाव्या वर्षी या मुलाला तट्टू मिळाले आणि खोगीराविना त्यावर बसून तो दिवसभर रानात भटकू लागला. त्याच सुमारास एका ओढ्याच्या काठी त्याने पहिल्यांदा अग्निपंख पाहिले. पाण्यातून संथपणे चालणाऱ्या त्या गुलाबी पक्ष्यांपैकी एकाने पंख उघडले आणि त्यांचा किरमिजी रंग एकाएकी दृष्टीस पडला. त्या दर्शनाचा ठसा सत्तर वर्षांनंतरही पुसला गेला नव्हता.

रानातला एक दिवस

हडसन यांच्या पुस्तकांतून पंपासमधील पक्षिनिरीक्षणाचा एखादा दिवस कसा असे, याचे चित्र सहज उभे करता येते. पहाटे ओंबूच्या फांदीवर ओर्नेरो ऊर्फ भट्टीवाल्या पक्ष्याची जोडी एकमेकांच्या सुरात सूर मिसळून गाऊ लागे. हा तांबूस रंगाचा लहानसा पक्षी चिखल आणि काड्या कालवून भट्टीच्या आकाराचे घरटे बांधतो. पुढे १९२८ साली अर्जेंटिनाने त्याला राष्ट्रीय पक्ष्याचा मान दिला. घोडा मोकळ्या मैदानात आला की तेरोतेरोचे ओरडणे सुरू होई. ही तिकडची टिटवी. आपल्या टिटवीप्रमाणे तिचेही नाव तिच्या आवाजावरूनच पडलेले आणि रानात कोणी शिरल्याची वर्दी साऱ्या मुलखाला देण्याची तिची सवयही तीच. तिचे एक वैशिष्ट्य हडसन यांनी बारकाईने टिपले आहे. मैदानात एक जोडपे उभे असते. शेजारच्या जोडप्यातील एक पक्षी आपल्या जोडीदाराला घरी सोडून पाहुणा म्हणून येतो. यजमान जोडपे त्याचे स्वागत करते आणि मग ते तिघे पावलाला पाऊल जुळवून, ठेक्यावर आवाज करीत, एखाद्या पलटणीप्रमाणे चालू लागतात. खेळ संपला की पाहुणा आपल्या जागी परततो. हे वीणीच्या हंगामापुरते नसून वर्षभर चालते, असे हडसन यांना आढळले. म्हणून पक्ष्यांचे सारे नृत्यगायन केवळ मादीला रिझविण्यासाठीच असते हे मत त्यांना अपुरे वाटत असे. पक्ष्यांनाही निखळ आनंद होतो, अशी त्यांची निरीक्षणांती झालेली धारणा होती.

उन्हे चढली की मैदानावर मृगजळ तरळू लागे. विस्काचा नावाच्या मोठ्या उंदीरवर्गीय प्राण्यांच्या बिळांच्या तोंडाशी दिवसाउजेडी जागी राहणारी लहान घुबडे उभी असत. दूरवर ऱ्हिया, म्हणजे शहामृगासारखे उंच, न उडणारे पक्षी, चरताना दिसत. तळ्याकाठी पोहोचावे तर बगळे, आयबिस, रानबदके यांची गर्दी. काकेल नावाच्या तळ्याभोवती एकदा भर दुपारी हडसन यांना चाखा पक्ष्यांचे थवेच्या थवे बसलेले आढळले. हा पक्षी टर्कीएवढा मोठा आणि आवाजाने तसाच दमदार. एका थव्याने सामुदायिक गायन सुरू केले, ते काही मिनिटांनी थांबले. लगेच शेजारच्या थव्याने ते उचलले, मग त्यापुढच्याने. आणि असे करीत ते गाणे साऱ्या तळ्याला वळसा घालून पुन्हा पहिल्या थव्यापाशी आले. सायंकाळी परतल्यावर अंथरुणात पडून ऐकावे, तर काळोखातून बातितू पक्ष्यांची मंजुळ शीळ ऐकू येई. उत्तर अमेरिकेतून हजारो मैल उडत येऊन हे पक्षी पंपासच्या गवतात उन्हाळा काढीत. त्यांच्याबरोबर येणाऱ्यांत एस्किमो कर्ल्यू हाही एक होता. ध्रुवप्रदेशालगत अंडी घालावयाची आणि हिवाळा टाळण्यासाठी पंपासपर्यंत यावयाचे, असा त्याचा क्रम. उत्तर अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याची बेसुमार शिकार झाली, वाटेवरची गवताळ राने नांगरली गेली आणि १९६३ नंतर त्याच्या अस्तित्वाचा निर्विवाद पुरावा मिळालेला नाही.

कातड्यांचा व्यापार आणि डार्विनशी वाद

हे सुखाचे दिवस फार काळ टिकले नाहीत. पंधराव्या वर्षी टायफसच्या तापाने आणि पुढच्याच वर्षी संधिज्वराने हडसन यांना गाठले. हृदय कायमचे अधू झाले आणि कोणत्याही क्षणी मृत्यू येऊ शकेल असे डॉक्टरांनी सांगितले. १८५९ साली आई गेली. मृत्यूच्या छायेत वावरणाऱ्या या तरुणाला थोरल्या भावाने त्याच सुमारास प्रसिद्ध झालेला डार्विनचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ वाचावयास दिला. आरंभी त्यांच्या मनाने त्याविरुद्ध बंड केले. पुढे उत्क्रांतीचे तत्त्व त्यांनी आपल्या पद्धतीने स्वीकारले.

१८६६ पासून हडसन वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेसाठी पक्षी जमवू लागले. जमविणे म्हणजे बंदुकीने टिपून कातडी भरून पाठविणे. त्यांना या कामाचे पैसे मिळत. पक्ष्यांवर जीव असलेला हा माणूस काही वर्षे पक्षी मारून पोट भरत होता, ही गोष्ट त्यांच्या चरित्रातून वगळण्याचे कारण नाही. त्यांच्या पुढील आयुष्याची तीव्रता बहुधा याच अनुभवातून आली असावी. पुढे ही कातडी आणि सोबतची निरीक्षणे लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेकडे जाऊ लागली आणि १८७०च्या सुमारास हडसन यांची पत्रे तिच्या कार्यवृत्तात छापली गेली. त्यांतील एका पत्राने खळबळ उडविली. ला प्लाताच्या वृक्षहीन मैदानात राहणारा एक सुतारपक्षी झाडावर कधीच चढत नाही, असे डार्विनने लिहिले होते. ते चूक असल्याचे या अनोळखी तरुणाने सुनावले आणि आपल्या सिद्धान्तासाठी डार्विनने वस्तुस्थितीला मुरड घातली असा रोखही ठेवला. डार्विनने सौम्य शब्दांत खुलासा केला आणि १८७२च्या आवृत्तीत हडसन यांच्या निरीक्षणाचा नावानिशी उल्लेख करून आपले विधान सुधारले. कोणतीही पदवी नसलेल्या एका पशुपालकाच्या मुलाने जगन्मान्य शास्त्रज्ञाला दुरुस्ती करावयास लावावी आणि त्या शास्त्रज्ञाने ती खळखळ न करता करावी, यात दोघांचाही मोठेपणा दिसतो.

कुंपण, रूळ आणि भांडवल

याच काळात पंपासचे रूप पालटू लागले होते. पूर्वीच्या पंपासमध्ये गुरे मोकळी हिंडत आणि कातडे, चरबी व खारवलेले मांस एवढाच त्यांचा बाजारभाव असे. जमिनीला कुंपण नव्हते, कारण कुंपण घालण्याइतके तिचे मोल नव्हते. अर्जेंटिनातील पहिले तारेचे कुंपण १८४५च्या सुमारास पडले ते चास्कोमूसमध्येच, म्हणजे हडसन यांचे बालपण जिथे गेले त्याच भागात. १८६५ साली ब्रिटिश भांडवलावर उभ्या राहिलेल्या दक्षिण रेल्वेचे रूळ ब्यूनोस आयरेसहून चास्कोमूसला पोहोचले. १८७६ साली मांस थंड ठेवून नेणारे जहाज अटलांटिक ओलांडून आले. १८७९च्या लष्करी मोहिमेने दक्षिणेकडील मूळ रहिवाशांना त्यांच्या भूमीवरून हुसकावून लावले आणि फार मोठे क्षेत्र मोजक्या जमीनदारांच्या हाती गेले. मांस युरोपात विकता येऊ लागताच उत्तम जातीची गुरे आली, त्यांच्यासाठी लसूणघास आला, त्याआधी जमीन तयार करण्यासाठी गहू आला, आणि गव्हासाठी नांगर. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास देशात तेहतीस हजार किलोमीटरांहून अधिक लोहमार्ग पडला होता आणि अर्जेंटिनाची गणना जगातील सधन देशांत होत होती.

या वाढीला नाके मुरडण्याचे कारण नाही. युरोपातील कामगाराला स्वस्त भाकरी मिळाली, लाखो दरिद्री स्थलांतरितांना रोजगार मिळाला. परंतु उंच देशी गवत गेले, दलदली आटविल्या गेल्या आणि त्यांबरोबर तेथील पक्षीही गेले, याची नोंद कोणाच्याच वहीत झाली नाही. ज्याचा कोणी मालक नाही आणि ज्याला बाजारात गिऱ्हाईक नाही, त्याची किंमत शून्य धरण्याची बाजारपेठेची रीतच आहे. हा दोष अर्जेंटिनाचा नव्हे. तो हिशेबाच्या पद्धतीचा आहे. आपल्याकडील महसुली दफ्तरातही गवताळ माळाला पडीक म्हणण्याचीच वहिवाट आहे.

लंडनमधील वनवास

१८७४ साली हडसन जहाजाने इंग्लंडला गेले आणि पुन्हा कधीही मायदेशी परतले नाहीत. पंपास ज्या भांडवलाने बदलत होते, त्या भांडवलाच्या राजधानीत हा पंपासचा पुत्र दारिद्र्यात दिवस कंठू लागला. १८७६ साली त्यांनी एमिली विनग्रेव्ह या आपल्याहून वयाने बऱ्याच मोठ्या गायिकेशी विवाह केला. दोघांनी खानावळीसह खोल्या भाड्याने देण्याचा धंदा करून पाहिला; तो बुडाला. पत्नीच्या संगीताच्या शिकवण्यांवर काही काळ संसार चालला. पुढे वारशाने मिळालेल्या, कर्जाने ग्रासलेल्या घराच्या वरच्या मजल्यावर ही दोघे राहिली आणि खालच्या खोल्या भाडेकऱ्यांना दिल्या. १८८५ साली आलेली ‘द पर्पल लँड’ ही कादंबरी कोणी फारशी विचारली नाही. स्क्लेटर यांच्यासमवेत लिहिलेला अर्जेंटिनाच्या पक्ष्यांवरील द्विखंडात्मक ग्रंथ १८८८-८९ मध्ये निघाला आणि १८९२च्या ‘द नॅचरलिस्ट इन ला प्लाता’ने अखेर त्यांना नाव मिळवून दिले. तोपर्यंत वयाची पन्नाशी उलटली होती.

पिसांच्या बाजाराविरुद्ध

याच सुमारास हडसन यांना आपले कार्य सापडले. युरोप-अमेरिकेतील स्त्रियांच्या टोप्यांवर पक्ष्यांची पिसे, पंख, एवढेच काय पण संपूर्ण पेंढा भरलेले पक्षी मिरविण्याची फॅशन तेव्हा शिगेला पोहोचली होती. सर्वांत मागणी होती ती पांढऱ्या बगळ्याच्या तुऱ्याला. हा तुरा बगळ्याला वीणीच्या हंगामातच येतो. त्यामुळे तो मिळवावयाचा तर घरट्यावरच्या पक्ष्याला मारावे लागे आणि पिले उपाशी मरत. म्हणजे एका पिढीबरोबर पुढचीही जाई. वजनास वजन धरले, तर या पिसांचा भाव सोन्यापेक्षाही चढला होता. एखादी वस्तू दुर्मीळ झाली की तिची किंमत वाढते, किंमत वाढली की मागणी घटते आणि पुरवठा वाढतो, असे अर्थशास्त्राचे प्राथमिक पुस्तक सांगते. इथे पुरवठा वाढविणे कोणाच्याच हाती नव्हते. किंमत वाढली, मिरविण्याची हौस उलट वाढली, आणि उरलेला शेवटचा थवा शोधून काढणे शिकाऱ्याला अधिकच फायद्याचे ठरले. बाजाराचे स्वयंनियमन जिथे नाशालाच हातभार लावते, त्याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागेल.

१८८९ साली मँचेस्टरजवळच्या डिड्सबरी येथे एमिली विल्यमसन या बाईंनी आणि क्रॉयडन येथे एलायझा फिलिप्स यांनी अशी पिसे न वापरण्याची शपथ घेणाऱ्या स्त्रियांचे गट उभारले. त्यांतून पक्षिसंरक्षण संस्था जन्मास आली. हडसन आरंभापासून तिच्याशी जोडले गेले. त्यांनी तिच्यासाठी पत्रके लिहिली, वृत्तपत्रांतून झगडा दिला, समित्यांवर काम केले. संस्थेच्या शपथेत शहामृगाच्या पिसांना सूट होती. कारण शहामृग पाळता येतो आणि त्याला न मारता पीस काढता येते. आंधळ्या भावनेने चाललेली ही चळवळ नव्हती, हे या तपशिलावरून ध्यानात येते. १९०२ साली हिंदुस्थान सरकारने पक्ष्यांची कातडी व पिसे यांच्या निर्यातीवर बंदी घातली. १९०४ साली संस्थेला राजसनद मिळाली. पण लंडन हीच या मालाची मोठी बाजारपेठ होती आणि तेथील व्यापारी रोजगार बुडण्याचे भय दाखवून आयातबंदीचे विधेयक वर्षानुवर्षे रोखून धरीत होते. अखेर १९२१ साली कायदा संमत झाला आणि १९२२च्या एप्रिलमध्ये अमलात आला. तीस वर्षांच्या झगड्याचे फळ पाहण्यासाठी हडसन यांना त्यानंतर जेमतेम चार-साडेचार महिने मिळाले. १८ ऑगस्ट १९२२ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. पत्नी आदल्या वर्षीच गेली होती. वर्दिंग येथे तिच्याशेजारीच त्यांचे दफन झाले. आपल्या मालमत्तेचा मोठा भाग त्यांनी पक्षिसंरक्षण संस्थेला ठेवला. १९०१ पासून मिळणारे दीडशे पौंडांचे सरकारी निवृत्तिवेतन तर पुस्तकांवर गुजराण होऊ लागताच, १९२१ साली त्यांनी आपण होऊन सोडून दिले होते. सार्वजनिक पैशाविषयी इतकी चाड असलेला लेखक विरळाच.

आठवणीतले रान

आयुष्याच्या उत्तरार्धात एका दीर्घ आजारात अंथरुणाला खिळले असताना हडसन यांच्या मनासमोर बालपणीचे सारे दिवस एकाएकी लख्ख उभे राहिले आणि त्यांनी ते लिहून काढावयास घेतले. १९१८ साली निघालेले ‘फार अवे अँड लाँग अगो’ हे त्यांचे आत्मचरित्र त्यातून सिद्ध झाले. अर्धे शतक उलटून गेलेले, आणि तरीही प्रत्येक पक्ष्याचा आवाज, प्रत्येक तळ्याचा काठ जसाच्या तसा. ते परत का गेले नाहीत, याचे उत्तर या पुस्तकातच मिळते. ज्या रानात परतावयाचे ते आता फक्त त्यांच्या स्मरणातच उरले होते.

पंपासचा पुढचा इतिहास याच दिशेने गेला. १९९६ साली अर्जेंटिनाने तणनाशकाला दाद न देणाऱ्या सोयाबीनला परवानगी दिली आणि उरलेल्या कुरणांवरही नांगर व फवारणीयंत्र फिरले. पण दुसरी बाजूही आहे. पंचवीस ओंबूंचे ते घर आज संग्रहालय म्हणून जपले जाते. २००९ साली काम्पोस देल तुयू हे राष्ट्रीय उद्यान पंपासच्या हरणासाठी आणि गवतासाठी राखून ठेवण्यात आले. अर्जेंटिना, उरुग्वे, पाराग्वे आणि ब्राझील या चार देशांतील पक्षिसंस्थांनी पशुपालकांशी हातमिळवणी करून देशी गवत राखणाऱ्या मळ्यांच्या मांसाला वेगळी ओळख मिळवून देण्याचा प्रयत्न चालविला आहे. गवत राखणाऱ्याला गवताचे चार पैसे मिळावेत, हा त्यामागील विचार. हडसन यांच्या वडिलांना तो नक्कीच पटला असता.

पिसांचा बाजार कायद्याने बंद करता आला, कारण त्यात गिऱ्हाईक, व्यापारी आणि बळी पडणारा पक्षी हे तिन्ही डोळ्यांना दिसत होते. गवत जाते तेव्हा असे काही दिसत नाही. शेतकरी पोटासाठी नांगरतो, ग्राहक स्वस्त अन्न मागतो, सरकार परकीय चलन मोजते. यांपैकी कोणीही दुष्ट नसतो. म्हणूनच हा नाश थांबविणे अधिक अवघड आहे आणि त्यासाठी आधी हिशेबाची वही बदलावी लागेल. नांगर फिरण्यापूर्वी त्या जमिनीवर काय होते याची नोंद वहीच्या पहिल्या पानावर असावी, एवढे जरी आपण मान्य केले, तरी एका अधू हृदयाच्या माणसाने आयुष्यभर केलेल्या नोंदी वाया गेल्या नाहीत असे म्हणता येईल.